चार अंशांचा चहा

सोमवारी सकाळी प्रशिक्षण सुरू झालं आणि पहिल्या दहा मिनिटांत मी शुक्रवारपर्यंत हजर होऊन मोकळा झालो.

झालं असं, की हजेरीचा कागद फिरत फिरत माझ्याकडे आला. पाच दिवसांचे पाच रकाने. आयुष्यभर दवाखान्यात नोकरी केलेला माणूस मी. रोज कुठं पेन शोधत बसायचं म्हणून पाचही रकान्यांत एका दमात सह्या ठोकल्या. सगळ्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून जरा मन लावूनच. शेजारी औषध विभागाचे गर्जे बसले होते. त्यांनी माझं बघून तेच केलं, आणि मी मोठ्या मनानं त्यांना माझं पेनही दिलं.

कागद साळवे मॅडमच्या हातात गेला.

"ढाकणे कोण?"

मी हात वर केला. वाटलं, अक्षर आवडलं असेल.

"गुरुवारी हजर होता तुम्ही?"

"होणार आहे, मॅडम."

"होणार आहे नाही. इथं लिहिलंय, होता. सांगा, काय शिकवलं मी गुरुवारी?"

वर्ग हसला. मीही हसलो. म्हटलं, चला, बाई विनोदी आहे, पाच दिवस बरे जातील. बाई विनोदी नव्हती.

"हसू नका. खोट्या नोंदी पकडायला शिकायचं म्हणून आलात आणि पहिलं काम काय केलंत, तर खोटी नोंद. वर वळणदार! समजा उद्या तुम्ही मेलात. हा कागद म्हणेल, ढाकणे शुक्रवारी वर्गात बसले होते. लोकांनी कशावर विश्वास ठेवायचा? कागदावर, का तुमच्या तिरडीवर?"

मी घाईघाईनं खोडायला पेन काढलं, तर त्या अजून भडकल्या. "खोडायचं न्हाई! खोडलं की केलेली चूक बी गायब. शेजारी लिवा, आगाऊ सह्या केल्या. खाली सही. एकच."

मला त्या दिवशी एक गोष्ट कळली, जी पुढे फार उपयोगी पडली. साळवे मॅडम शांत असल्या की पुण्याची मराठी बोलायच्या. चिडल्या की त्यांच्या गावची, नेकनूरची. त्यामुळे त्यांचा पारा किती चढलाय हे बघायला आम्हाला तोंडाकडे पाहावं लागायचं नाही. "आहे"चं "हाय" आणि "का"चं "कावून" झालं की आम्ही पाठ ताठ करायचो, आणि "लई" आलं की गर्जे लघवीला जायचे.

आता हे प्रशिक्षण कसलं, ते सांगतो. गेवराईत आमच्या ट्रस्टचा दवाखाना आहे आणि मी त्याच्या बिलाच्या खिडकीवर असतो. ट्रस्टचे सचिव, म्हणजे आमचे भाऊसाहेब, यांना दवाखान्यासाठी गुणवत्तेचं मोठं प्रमाणपत्र हवं होतं. ते मिळवायचं तर दवाखान्यात जे जे संगणकावर चालतं, ते नीट चालतं का हे तपासणारी आपलीच माणसं तयार पाहिजेत, अशी अट होती. नावनोंदणी, बिलं, तपासण्या, औषधं, सगळंच आता संगणकावर. हुशार पोरांनी आधीच काही ना काही सबबी सांगितल्या. उरलो आम्ही. मला संगणकातलं एवढंच कळतं, की तो अडकला की बंद करून चालू करायचा. पण वय झालेला माणूस तपासनीस म्हणून शोभतो, असं भाऊसाहेबांचं मत पडलं.

शिकवायला साळवे मॅडम. मूळच्या नेकनूरच्याच. पुण्यात मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये हेच तपासणीचं काम त्यांनी कितीतरी वर्षं केलं आणि आई अंथरुणाला खिळल्यावर सगळं सोडून गावी आल्या. रोज नेकनूरहून बीड, बीडहून गेवराई अशा दोन बसा बदलून यायच्या. अंगानं लहानखुऱ्या, आवाज मात्र भरगच्च. स्वतःची पाण्याची बाटली, स्वतःचा डबा. जिथं तपासणी करायची तिथला चहा प्यायच्या नाहीत. आणि जिथं तपासणी चालू आहे तिथं खुर्चीवर बसायच्या नाहीत. का, असं मी एकदा विचारलं.

"बसलं की गप्पा सुरू होतात," त्या म्हणाल्या. "गप्पा झाल्या की ओळख निघते. तुमचा मामा आमच्या गावचा निघतो. मग मी काय लिहू?"

खरंच आहे. आमच्या भागात कुठलंही लचांड झालं की कुणीतरी म्हणतंच, "अहो, बसून घेऊ की." आणि बसलं की ते मिटतं. बरोबर मिटतं असं नाही. मिटतं.

त्यांचा दुसरा शब्द "कशावरून?" तुम्ही काहीही सांगा. मॅडम, संगणक रोज रात्री माहितीची प्रत काढतो. कशावरून? मॅडम, बाहेर ऊन आहे. कशावरून? गर्जे एकदा वैतागून म्हणाले, "मॅडम, लहानपणापासून असंच हाय का हे?" त्या पहिल्यांदाच हसल्या. "छप्पन साली माझ्या आज्यानं गावात एकदा विचारलं, कशावरून? तेव्हापासून आमच्या घरात ते थांबलंच नाही, गर्जे."

शिकवायची रीत तर विलक्षण. फळा दोन दिवसांत एकदा वापरला असेल. "यंत्र नीट चाललंय हे बघायला कुणीही येतं," त्या म्हणायच्या. "तुम्ही आधी बिघडवून बघा. बिघडल्यावर ते ओरडतं का, ते बघा. जे बिघडल्यावर गप्प बसतं, ते सगळ्यात धोक्याचं. यंत्र असो, नाहीतर माणूस."

मंगळवारी त्यांनी आम्हाला बाहेर ओपीडीच्या हॉलमध्ये नेलं. तिथं नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र आहे. मॅडमनी मला सांगितलं, चिठ्ठी काढा आणि नंबर पुकारला की जाऊ नका. मी गेलो नाही. पडद्यावरून माझा नंबर गेला तो गेलाच. पुन्हा आलाच नाही.

"आता हा माणूस कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"पळून गेला असल, कटाळून," गर्जे म्हणाले.

"कशावरून? बाथरूमला गेला असेल. बहिरा असेल. विचारलं का कुणाला?"

आम्ही बाकांवर विचारत गेलो, तर कडा गावाहून आलेले एक आजोबा सकाळपासून मुठीत चिठ्ठी धरून बसलेले. त्यांना वाचता येत नव्हतं. समोरच्या पडद्यावर आपला नंबर कधीचा येऊन गेला, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आम्ही सगळे यंत्राला नावं ठेवायला लागलो, तशा मॅडम नेकनूरवर आल्या. "यंत्राला कावून शिव्या देता? त्याला कुणी सांगितलं, एकदाच पुकार म्हणून? माणसानंच ना? त्या माणसाला ह्यो म्हातारा दिसला न्हाई, आन् तुमी रोज इथून येता-जाता, तुमाला बी दिसला न्हाई!" त्यांनी आजोबांचा हात धरला आणि रांग तोडून थेट डॉक्टरांच्या खोलीत नेलं. कुणाची अडवायची टाप नव्हती.

आणि मग त्याच बाई वर्गात परत आल्यावर आम्हाला लिहायला काय शिकवत? थंड. बर्फासारखं थंड. नियमात न बसणारं काय आढळलं, ते लिहायचं. त्याला सगळे एनसी म्हणतात, म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी. एनसीत तीन गोष्टी: काय असायला हवं होतं, काय आहे, आणि ते आपण कुठं पाहिलं. विशेषण नको. "भोंगळ" नको, "दुर्दैवी" नको. मी लिहिलं होतं, "वयोवृद्ध रुग्णाची घोर हेळसांड." त्यांनी ते वाचलं आणि कागद मला परत दिला.

"राग कागदावर नको, ढाकणे. कागदावर राग दिसला की लोक रागाबद्दल बोलतात, चुकीबद्दल नाही. राग माझ्याकडं द्या. मला पुरतो."

बुधवारी वर्गात त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या दवाखान्यातली सगळ्यात भरोशाची संगणक प्रणाली कोणती?"

आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, रक्ताच्या फ्रीजची.

त्यात आमचा अभिमान होता. हायवेमुळे अपघाताचे पेशंट फार, म्हणून ट्रस्टनं रक्तसाठा केंद्र सुरू केलं. तिथल्या फ्रीजचं तापमान आपोआप मोजून पुढच्या हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर दिसतं. हिरव्या अक्षरांत, चार अंश. येणारे-जाणारे बघतात. भाऊसाहेब तर पाहुण्यांना आधी तिथंच नेतात.

"लई पक्की हाय मॅडम," गर्जे म्हणाले. "तिच्या रेकॉर्डवर तर एक जण घरी बसलीय."

मॅडम फळ्याजवळ उभ्या होत्या. तिथंच थांबल्या. "कोण घरी बसलीय?"

मग आम्ही सांगितलं. रुखसाना म्हणून रक्तसाठ्यावर तंत्रज्ञ मुलगी होती. मागे एका सकाळी डॉक्टरांनी पेशंटला लावायला रक्ताच्या पिशव्या मागवल्या, तर रंग बघूनच त्यांनी त्या बाजूला ठेवल्या. नासल्या होत्या. नशीब, कुणाला लावल्या नाहीत. पण सगळ्याच पिशव्या फेकाव्या लागल्या. चौकशी झाली. संगणकाचं रेकॉर्ड काढलं, तर आदल्या रात्रभर फ्रीज चार अंशांवर. म्हणजे फ्रीज ठीक होता. म्हणजे पिशव्या कुणीतरी बाहेर ठेवून दिल्या. म्हणजे रुखसानानं. तिला निलंबित केलं, आणि कायमचं काढायचा निर्णय पुढच्या आठवड्यात होणार होता.

"ती काय म्हणाली?"

"ती म्हणती, मी न्हाई ठेवल्या. रात्री लाईट गेलती म्हणती. पण रेकॉर्ड..."

"फ्रीजवर स्वतःचा आकडा असतो की."

"ती काच फुटलीय मॅडम, लई दिवस झाले. पण पडदा हाय म्हणून..." गर्जे म्हणाले.

"आणि हातानं नोंद? दिवसातून दोनदा थर्मामीटर बघून लिहायची?"

"ती लिहायची पूर्वी," मी म्हणालो. "आपण डिजिटल झालो तसं भाऊसाहेबांनी बंद करायला लावलं."

मॅडमनी खडू खाली ठेवला. "उद्या सरावाची तपासणी आहे ना तुमची, प्रमाणपत्रासाठी मोजतात ती? उद्या हीच प्रणाली. ढाकणे, तुम्ही प्रमुख."

मी का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण उत्तर "कशावरून" असंच काहीतरी आलं असतं.

भाऊसाहेबांनी परवानगी आनंदानं दिली. त्यांना वाटलं, दाखवायला आपल्याकडे याहून चांगलं आहे काय? गुरुवारी ते स्वतः रक्तसाठ्याच्या खोलीत आले आणि मागोमाग चहाही आला. "घ्या मॅडम. आपल्याच म्हशीचं दूध हाय. तुमी घेत न्हाई, ठाव हाय मला, पण आज घ्याच."

आणि मॅडमनी ग्लास घेतला! आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर तर जग जिंकल्यासारखं हसू.

"गरम आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"उकळता."

"छान." त्यांनी फ्रीजचं दार उघडलं. त्या प्रकारानंतर फ्रीज रिकामाच होता. आतून त्यांनी तापमान मोजणारी वायर ओढून काढली. टोकाला करंगळीएवढी धातूची कांडी होती. ती त्यांनी सरळ भाऊसाहेबांच्या म्हशीच्या दुधाच्या चहात बुडवली आणि ग्लास गर्जेंच्या हातात दिला. "धरा. ढाकणे, हॉलमध्ये जा. पडद्यावर काय दिसतं ते ओरडून सांगा."

मी हॉलमध्ये गेलो. बाकांवर पेशंटचे नातेवाईक बसलेले. पडद्याखाली उभं राहून मी शाळेतल्या पोरासारखा ओरडलो, "चार पूर्णांक एक!"

"थांबा! आता?"

"चार पूर्णांक तीन!" माझा जीव जरा भांड्यात पडला. वाढतंय. मग ते पुन्हा खाली आलं. "चार पूर्णांक एक!"

"आता?"

"चार... मॅडम, चारच."

आतून गर्जेंचा आवाज आला, "मॅडम, बोटं भाजायलीत."

मॅडम बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी उभं राहून पडद्याकडे बघत राहिल्या. हिरवी अक्षरं, चार पूर्णांक दोन. सुंदर. बाकावरच्या एका बाईंनी काळजीनं विचारलं, "काय बघायलात वो सर?" मी म्हणालो, "चहाचं तापमान." बाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं असावं, हा मानसोपचार विभाग.

मॅडमनी ज्यांच्याकडून प्रणाली घेतली त्या कंपनीच्या माणसाला तिथूनच फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"डेमो मोडवर असेल मॅडम," तो मुलगा निवांत म्हणाला. "त्यात आकडा नुसता दाखवायला असतो. जिवंत वाटावा म्हणून थोडा वर-खाली होतो."

"डेमोवर कुणी टाकलं?"

"आम्हीच. उद्घाटनाला. फ्रीज आलाच नव्हता ना तेव्हा. पण प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळाली होती, ती पुन्हा मिळाली नसती. ट्रस्टनं सांगितलं, पडदा तरी चालू करून द्या."

"आणि फ्रीज आल्यावर?"

"आम्हाला कुणी बोलावलंच नाही मॅडम. आम्हाला वाटलं, चालू आहे."

मला ते उद्घाटन आठवलं. फीत कापली, पडदा उजळला, चार अंश. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. फ्रीज जगात नव्हता तेव्हासुद्धा तो चार अंशांवर होता! आणि त्या दिवसापासून आजपर्यंत प्रत्येक रात्री, लाईट असो नसो, आत रक्त असो नसो, चार अंश. त्या हिरव्या थापेच्या जोरावर आम्ही एक मुलगी घरी बसवली होती. मला रागच आला. आणि असा राग आला की कुणावर काढावा ते कळेना. पडद्यावर काढावा तर तो बिचारा अजूनही चार पूर्णांक दोन म्हणत होता.

मॅडम मात्र चक्क पुण्यात होत्या. आवाज एकदम शांत. त्या शांतपणाचीच जास्त भीती वाटली. "लिहा," त्या म्हणाल्या. गर्जे बोटांवर फुंकर घालत म्हणाले, "लिहितो, फ्रीज बिघडला होता."

"कशावरून? आपण त्या रात्री इथं नव्हतो. बिघडला असेल, नसेल. आपण पाहिलं एवढंच, की ह्या पडद्याला काहीही माहीत नाही. आणि ज्याला काही माहीत नाही, त्याची साक्ष धरता येत नाही. जेवढं पाहिलं तेवढंच. त्या मुलीला तेवढं पुरे आहे."

शुक्रवारी समारोपाची बैठक. त्यात तपासणी प्रमुखानं एनसी वाचून दाखवायच्या असतात. मी रात्रभर विचार करून एक वाक्य तयार केलं होतं. नोकरी करणाऱ्या माणसाचं वाक्य. भाऊसाहेब समोर बसलेले, विश्वस्त बसलेले, आम्ही बसलेलो. मॅडम उभ्या.

मी वाचलं, "तापमान नोंदीच्या प्रणालीत सुधारणेस वाव आहे."

"किती फूट?" मागून मॅडम म्हणाल्या.

"काय?"

"वाव. किती फूट आहे वाव? ढाकणे, काल तुम्ही हॉलमध्ये उभं राहून काय ओरडत होता? वाव, वाव म्हणत होता?"

मी दुसरा कागद काढला. काढला म्हणजे, तो होताच खिशात. मॅडमनी आदल्या दिवशी आमच्याकडून लिहून घेतलेला. माझा आवाज माझाच मला परका वाटत होता. "रक्तसाठ्याच्या फ्रीजचा तापमापक गरम चहात ठेवला असता पडद्यावर चार अंश दिसले. ही प्रणाली उद्घाटनापासून डेमो अवस्थेत आहे. तिच्या कोणत्याही दिवसाच्या नोंदीवरून फ्रीजचं तापमान किती होतं, हे सांगता येत नाही."

गर्जे पाणी प्यायला गेले.

भाऊसाहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "ढाकणे, तुमी आपले का त्यांचे?" मग मॅडमकडे वळून हसले. "मॅडम, सराव हाय हा. सरावातलं कुणी धरतं का? बसा तुमी, बसा तर. बसून घेऊ आपण."

मॅडम बसल्या नाहीत. उलट दोन पावलं पुढं आल्या. पुणे संपलं होतं.

"सराव हाय तर प्रमाणपत्रात ह्यो सराव कावून मोजता? भाऊसाहेब, तुमचं दूध लई चांगलं हाय, पर त्या चहाला बी तुमचा पडदा गार म्हणतो! त्याच पडद्याला तुमी इचारलं, त्या रातीला काय झालतं. आन् जी पोरगी तोंडानं सांगत हुती, लाईट गेलती, तिला गप बस म्हणलात. कोन खोटं बोलायलंय, तेवढं तरी आता बघा. बैठकीत माझं नाव लिवा, मी म्हणलं म्हणून लिवा. पर ती एनसी ह्या कागदावरून हलणार न्हाई."

ती हलली नाही. त्यांनी तिथल्या तिथं सगळ्यांच्या सह्या घेतल्या, पोच घेतली आणि बसस्टँडकडे चालत निघून गेल्या. पुढची तुकडी त्यांच्याकडून शिकणार होती. ती बाहेरच्या कुठल्यातरी संस्थेकडून शिकली. असं ऐकलं, की त्या शिक्षकांनी चहा घेतला आणि प्यायलाही.

रुखसानाला मात्र काढता आलं नाही. रेकॉर्डच गेल्यावर उरलं काय? तिला कामावर हजर व्हायला सांगितलं. का सांगितलं, आधी घरी का बसवलं, यावर एक शब्द नाही. ती आली, गुपचूप फ्रीजसमोर उभी राहायला लागली. पण दवाखान्यात कुजबुज चालूच. "सुटली," लोक म्हणायचे. सुटली! जणू काही केलंच होतं आणि वशिल्यानं सुटली.

मग भाऊसाहेबांना सुचलं ते आमच्याकडे नेहमी सुचतं. तिचा सत्कार करायचा. दवाखान्याच्या वर्धापनदिनी, संयमी आणि कर्तव्यदक्ष कर्मचारी म्हणून. मॅडमलाही निमंत्रण गेलं, कारण फोटोत त्या असत्या तर प्रमाणपत्रवाल्यांना बरं वाटलं असतं. मॅडम आल्या. स्टेजवरून चारचारदा नाव पुकारलं तरी वर गेल्या नाहीत. मागं दारापाशी उभ्या राहिल्या, खांद्याला पिशवी.

सूत्रसंचालन गर्जेंचं. आमच्याकडचं प्रत्येक सूत्रसंचालन गर्जेंचंच असतं. भाऊसाहेबांनी रुखसानाच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि भाषणात म्हणाले, "काही गैरसमज झालते, ते दूर झालेत. कुटुंबात असं चालतंच." टाळ्या.

गर्जे माईक घेऊन पुढं झाले. "सत्काराला उत्तर म्हणून रुखसानाताईंनी दोन शब्द बोलावेत."

त्यांना वाटलं, ती आभार मानेल. सगळेच मानतात.

तिनं नारळ खुर्चीवर ठेवला. माईक धरायची सवय नव्हती, तो तिनं दोन्ही हातांनी धरला. "सर, शाल चांगली हाय," ती म्हणाली. "पर आमच्या मशिदीमागच्या गल्लीत आब्बांचं शिलाईचं दुकान हाय. तिथं लोक येऊन इचारत्यात, तुमची पोरगी रक्त नासवती का? आब्बा मान खाली घालून मशीन चालवत्यात. त्यांना मी काय शाल दाखवू? तुमी एकदा ह्या माईकवरून म्हणा, की रुखसानाची चूक नव्हती, चूक आमची हुती. एवढंच म्हणा. मी ते आब्बांना सांगते."

भाऊसाहेब उठले, हसले. "बरं बरं. ते आपण आत बसून..."

"उभ्यानंच बोला," मागून आवाज आला. सगळ्यांच्या माना वळल्या. मॅडम दारात. "माईक हाय की समोर. एक वाक्य. कावून जड जातंय?"

भाऊसाहेबांनी माईक हातात घेतला. मी तुम्हाला सांगतो, त्यांचं तोंड उघडलं होतं. काय म्हणणार होते, देव जाणे. कदाचित म्हणालेही असते. पण दुसरा माईक गर्जेंच्या हातात होता. "कार्यक्रमाची सांगता राष्ट्रगीतानं होईल," गर्जे एका श्वासात म्हणाले, "सर्वांनी जागेवर उभं राहावं."

सगळे उभे राहिले. उभं राहावंच लागतं. मीही राहिलो. मॅडम आधीच उभ्या होत्या, हात बाजूला घट्ट, नजर समोर, डोळ्यांत पाणी का आग ते लांबून कळेना. स्टेजवर रुखसाना शाल पांघरून ताठ. गीत संपलं आणि खुर्च्यांचा आवाज झाला, लोक कचोरीच्या टेबलाकडे वळले. ते वाक्य मंडपात कुठंच नव्हतं.

मॅडम गर्दीतून माझ्यापर्यंत आल्या. "ढाकणे, काय पाहिलं आज?"

"सत्कार पाहिला, मॅडम."

"माफी पाहिली?"

"नाही."

"मग झाली नाही." एवढं बोलून त्या स्टेजच्या पायऱ्यांपाशी गेल्या. "रुखसाना, गाडी आणलीय ना? चला. तुमच्या आब्बांना मी सांगते. त्या पडद्याला मीच उघडं पाडलंय, मला सांगता येतं."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं: रुखसाना स्कूटी चालवतेय, मागं साळवे मॅडम एका बाजूला बसलेल्या, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर तो नारळ. फाटकातून बाहेर पडताना त्या अजून काहीतरी हातवारे करून बोलत होत्या. बहुतेक नेकनूरच्या भाषेत. मग हायवेवरचा एक ट्रक मधे आला आणि त्या दिसेनाशा झाल्या. पुढे आईला घेऊन त्या पुन्हा पुण्याला गेल्या असं कळलं. त्यांची-माझी भेट नाही.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तो तावातावानं. दारातच उभं राहून सुमनला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. भाऊसाहेब कसे, गर्जे कसे, मॅडम काय बाई आहे, त्या स्वतः त्या गल्लीत गेल्या, अशी माणसं राहिली नाहीत आता. माझा आवाज शेजारपर्यंत जात असावा. ती कणीक मळता मळता थांबून ऐकत होती.

"मॅडमनी लई चांगलं केलं," शेवटी ती म्हणाली. "पर मॅडम नेकनूरच्या. उद्या गल्लीतले लोक म्हणतील, बाहेरगावची कुणी बाई येऊन सांगून गेली, दवाखान्याचं तर कुणीच आलं न्हाई. दवाखान्याचे तुमी हाव ना?"

मी बूट काढायला खाली वाकलो होतो.

"काढू नका," ती म्हणाली. "तसेच जा."